दूधवाल्या सिस्टरची लेक

प्रसूती वॉर्डात तिला सगळे ‘दूधवाली सिस्टर’ म्हणत. बाळ छातीशी कसं धरायचं, हे अकरा वर्षं ती बायकांना शिकवत आली होती. कुणी पावडरच्या दुधाचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. “आईला दूध येतंच. धीर नसतो तुम्हाला,” असं ती तोंडावर सुनावायची. डॉक्टरसुद्धा या बाबतीत तिच्या वाटेला जात नसत.

अडतिसाव्या वर्षी तिला स्वतःला लेक झाली. बाळंतपणात रक्त फार गेलं, बाहेरून चढवावं लागलं. चौथ्या दिवशी घरी आली, पण दूध काही उतरेना. तासन्‌तास ती पोरीला घेऊन खुर्चीत बसायची. पोर चार घोट ओढल्यासारखं करायची, रडायची, दमून झोपायची.

सहाव्या दिवशी बसची पाळी संपवून आलेला नवरा दारातच घुटमळला. “मी पावडरचा एक डबा आणू का? नुसता असू दे घरात.”

“डबा या घरात आला तर मी पोरीला घेऊन बाहेर पडेन,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून तो जास्तच घाबरला.

आठव्या दिवशी पोरीचं रडणं थांबलं. सासूबाईंना हायसं वाटलं. “बघ, शहाणी झाली माझी नात. कशी गाढ झोपलीय.”

तिने मात्र पोरीचं दुपटं चाचपून पाहिलं. सकाळपासून दुपटं एकदाच ओलं झालं होतं, तेही जेमतेम. दुसऱ्या कुणाचं बाळ असतं तर एव्हाना तिने वॉर्ड डोक्यावर घेतला असता. इथे ती दुपट्याची घडी घालून ठेवत राहिली.

नवव्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या मावशी बाळ बघायला आल्या. वीस वर्षं त्या तिथे फरशी पुसत होत्या, बाळं न्हाऊ घालत होत्या. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, तळपायाला टिचकी मारली. पोर जागी होईना. मावशींनी हात धुऊन तिच्या तोंडात करंगळी घातली आणि त्यांचा चेहराच उतरला.

“सिस्टर, तोंड कोरडं पडलंय हिचं.”

“आत्ताच पाजलंय.”

“काय पाजलंय?” मावशी तिच्याकडे रोखून बघत म्हणाल्या. “रागवा माझ्यावर, पण हे पोर सहा नंबरच्या खाटेवर असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

तिने पोरीला मावशींच्या मांडीवरून उचललं. पायांत चप्पल न घालताच उठली. सासूबाई “अगं, जातेस कुठे?” म्हणेपर्यंत ती जिना उतरली होती.

जन्माच्या वेळी पोर तीन किलोची होती. वॉर्डातला काटा अडीचवर थांबला. आपलं काही चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा ठेवून पाहिलं. अडीचच. लहान मुलांचे डॉक्टर रक्त तपासायला पाठवून म्हणाले, “अंगातलं पाणी कमी झालंय, क्षार वाढलेत. दोन दिवस इथेच ठेवू. आधी हिला दूध द्यायचं, थोडं थोडं.” मग त्यांनी विचारलं, “पावडरचं चालेल ना, सिस्टर?”

“मीच कालवते,” ती म्हणाली.

उकळून कोमट केलेल्या पाण्यात तिने पावडर मोजून घातली. अर्धा चमचा टेबलावर सांडला, तो पुसून तिने पुन्हा मोजला. मावशींनी पोरीचं डोकं धरलं. पहिले दोन चमचे ओठांच्या कडेने ओघळले. तिसरा आत गेला. घशाची छोटीशी हालचाल झाली, आणि तिने लगेच चौथा चमचा भरला. नवरा धावत आला, तोवर पोरीने डोळे उघडले होते. संध्याकाळी पोर भोकाड पसरून रडली. त्या रडण्याचा खोलीत कुणालाही त्रास झाला नाही.

पुढे तिला दूध आलं, पण पोरीला पुरेल इतकं कधीच नाही. आधी अंगावरचं, मग वाटीने पावडरचं, असं करत लेक बाळसं धरू लागली.

चार महिन्यांनी ती कामावर रुजू झाली. शिकवणं तेच, चिकाटीही तीच. फक्त आता समजावून झालं की ती बाळाचं दुपटं स्वतः तपासते, वजन स्वतः करते आणि कमी भरलं तर वाटी आणून देते. याचं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. मावशींच्या पोटात मात्र काही राहत नाही, त्यामुळे सगळ्या वॉर्डाला ते ठाऊक आहे.