पुतळाबाईच्या गळ्याखालचं हाड

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला सगळा जिना पुतळाबाई म्हणतो, तेही तोंडावर. ती रागवत नाही. उलट मान किंचित वर करते, जणू अजून कुणीतरी समोर बसून तिला घडवतंय.

संग्रहालयात एका दगडी बाईचा पुतळा आहे. भिंतीला टेकून बसलेली, मान मागे टाकलेली, डावा खांदा उघडा. ती मीच, असं हिचं म्हणणं. लग्नाआधी ती एका शिल्पकाराकडे पडदे शिवायला जायची आणि पडदे संपले तरी जायची थांबली नाही. शिल्पकार केव्हाच वर गेला, तेव्हा साक्षीला कुणी नाही. पुरावा एकच. लहानपणी पडून तिचं गळ्याखालचं डावं हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं आणि त्यावर वाटाण्याएवढी गाठ राहिली. स्वतःच्या कपड्यांना ती त्या बाजूला अजून एक जादा चुणी घालते. "ही गाठ सोडून बाकीचं कुणीही घडवेल," असं शिल्पकार म्हणाला होता म्हणे. पण पुतळा उंच चौथऱ्यावर, पुढे दोरी, आणि हनुवटीची सावली नेमकी त्या हाडावर. कोण बघणार?

नवरा कुलपं दुरुस्त करतो. लग्न नवंनवं असताना तिने त्याला मोठ्या कौतुकाने तो पुतळा दाखवला आणि तिथंच माशी शिंकली. त्या दिवसापासून तिने काही विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "त्या दगडाला विचार." गंमत केली हो, एवढं म्हणाली असती तर मिटलं असतं. नाही म्हणाली. काज करणारी, भाकरी थापणारी कुणीही असू शकते. दगडातली मात्र आपण एकटीच, हे तिला सोडवेना.

मग संग्रहालयात ते यंत्र आलं. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा, हातांत वायरींचे मोजे घालायचे, की समोरच्या रिकाम्या हवेत पुतळा दिसतो आणि हात लावला तर बोटांना दगड लागतो.

"चल, आता तुझं हाड चाचपूनच येऊ," मोठी जाऊ म्हणाली. जाऊबाईंना दुसऱ्याच्या घरचं उतू गेलेलं दूध दोन मजले खालून कळतं. त्यांनी जिन्यातल्या बायका गोळा केल्या, आपल्या दिराला, म्हणजे हिच्या नवऱ्यालाही ओढलं. पुतळाबाई सगळ्यांच्या पुढे चालत होती. एकदा का त्याचं बोट त्या गाठीवर पडलं, तेही चारचौघांसमोर, की तो उद्यापासून मान वर करून जिना उतरेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

आधी जाऊबाई. चष्मा चढवून त्या हवेत कणीक मळल्यासारखे हात फिरवू लागल्या. "अगं, नाक सापडलं. चांगलं सरळ आहे, तुझ्यासारखं नाही." बायका खिदळल्या. "आता खांदा... गळा... गुळगुळीत आहे गं. साबणाची वडी नुसती."

"डावीकडे बघा ना, जाऊबाई."

"डावीकडेच आहे मी. मला डावं-उजवं कळतं."

दुसरीने पाहिलं, तिसरीने पाहिलं. गुळगुळीत. मग नवरा. ती गाठ त्याच्या बोटांना अंधारातही ओळखू आली असती. त्याने बराच वेळ चाचपलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "नाही." आणि चक्क हसला.

शेवटी तिने स्वतः मोजा चढवला. एक हात हवेतल्या दगडावर, दुसरा स्वतःच्या गळ्याशी. इथे गाठ, तिथे काही नाही. ती पुन्हापुन्हा दोन्हीकडे दाबत राहिली आणि मागे बायकांची हसून हसून पुरेवाट झाली.

मंडळी चहाला खालच्या उपाहारगृहात गेली. ती मागे राहिली. यंत्रावरच्या मुलीला तिने हळूच विचारलं.

"डावीकडे ना? होती की एक गाठ," मुलगी मोजे पुसत सहज म्हणाली. "दगडातला दोष वाटला. असे उंचवटे आम्ही यंत्रातल्या नकलेतून साफ करून टाकतो, बोटांना खुपायला नकोत म्हणून."

"बाळा, हे खाली येऊन माझ्या माणसांना सांगशील?"

मुलगी भली, आली. पण शेजारच्याच टेबलावर तिचे साहेब चहा पीत बसले होते. जाऊबाईंनी विचारलं, "काय गं, खऱ्या पुतळ्यात आणि तुमच्या यंत्रात फरक असतो का?" मुलीने साहेबांकडे पाहिलं. "नाही काकू. तंतोतंत तोच." आणि निघून गेली.

"पोरीला कशाला गळ घालायची?" जाऊबाई म्हणाल्या. "म्हातारपणी तरी खरं बोल."

तेवढ्यात नवऱ्याने शेजारची खुर्ची ओढली. आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून तिच्यापुढे सरकवला. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. "बस. माझी बायको तसली नाही, मला ठाऊक होतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

तिने बशीकडे पाहिलं.

"खोटंच होतं," ती म्हणाली. "गंमत करत होते."

तो चहा तिने गरम असतानाच संपवला. परतीच्या वाटेवर तो तिच्या बरोबरीने चालला, रस्ता ओलांडताना त्याने तिचा दंडही धरला. घराजवळ येईतो मात्र तिचं ते 'गंमत' त्याच्या मनात सलू लागलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याने दंड सोडला.

"म्हणजे माझा जन्म तू गमतीत जाळलास?"

"अहो, ऐका, ती मुलगी मला वर म्हणाली होती..."

"आता परत सुरू नको करूस," मागून जाऊबाई म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

तो एकटाच वर गेला. आतून कडी लागली. बायका जिन्यात थांबल्या होत्या. एकीलाही घरी जायची घाई नव्हती.