भिंगरी आणि घण

शकूच्या नाकातून रक्ताची बारीक धार ओठावर उतरली, तिने ती जिभेने चाटली आणि ती हसली... माझं बालपण आठवायला बसलं की आधी हेच चित्र येतं. बोरं, बाहुल्या, शाळेची घंटा सगळं मागाहून. आधी चुलतबहिणीचं ते रक्ताळलेलं हसू आणि माझ्या मुठीत भरलेला – खोटं कशाला बोलू – निखळ आनंद.

नाशिकच्या तांबटांच्या आळीत आमचं घर. सकाळ उजाडली की तांब्याच्या पत्र्यांवर हातोडे पडू लागत. कोळशाची धग, कल्हईच्या नवसागराचा नाकाला झोंबणारा धूर, चिंचेने उजळलेल्या हंड्यांचा आंबूस वास, यातच आम्ही वाढलो. आळीतल्या पुरुषांचे कान चाळिशीतच अर्धे जात, त्यामुळे माझे वडील अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ बबनकाका यांनी जेवताना मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना भांडण वाटे. खरं भांडण मात्र बारमाही एकच होतं, परदेशातल्या दोन धिप्पाड मुष्टियोद्ध्यांचं. एक अण्णांच्या तरुणपणी गाजलेला, लांब हातांचा, पायांवर नाचणारा. घरात त्याचं नाव भिंगरी. दुसरा काकांच्या काळातला, मानेचा पत्ताच नसलेला, खाली वाकून समोरच्याच्या बरगड्या फोडत आत घुसणारा, तो घण. रद्दीतून कापलेली दोघांची चित्रं भट्टीवरच्या भिंतीवर समोरासमोर डकवलेली, धुराने सारखीच काळवंडलेली. एक उतरला तेव्हा दुसरा उगवायचा होता, त्यामुळे गाठ पडणं शक्यच नव्हतं. पण ऐन भरातले हे दोघे समोरासमोर आले असते तर...?

"भिंगरी त्याला अंगाला शिवू द्यायचा नाही, बबन! डोळे सुजवून सुजवून आंधळा करून सोडेल," अण्णा म्हणत आणि हातोडा हंड्यावर नेमका दोन डोळ्यांच्या जागी पडे.

"पळून पळून पळेल किती, दादा? एक बसला ना बरगडीत, की रक्ताची गुळणी!"

असे किती जबडे मोडले, किती दात उडाले त्या भट्टीपुढे! शेवटी एका उन्हाळ्यात काकांनीच तोडगा काढला. भात्याच्या जुन्या कातड्यात चिंध्या कोंबून त्यांनी दोन जोड हातमोजे शिवले. मी उंच, काटकुळी, म्हणून भिंगरी. शकू त्यांची लेक, बुटकी, दणकट, म्हणून घण. अण्णा मला टाचा न टेकवता नाचवू लागले, काका शकूकडून कोळशाची पोती बडवून घेऊ लागले. दोघींच्या आया ओरडल्या, पण हातोड्यांच्या दणदणाटात त्यांचं कोण ऐकणार!

आमच्या चौकात रहाड आहे. रंगपंचमीला रंगाच्या पाण्यात उड्या मारायचा हा खोल दगडी हौद एरवी ओंडके आणि माती टाकून झाकलेला असतो, आणि वर नाचलं की खालची पोकळी धुमधुमते. तेच आमचं रिंगण. दुपारच्या उन्हात सगळी आळी हातोडे टाकून गोळा झाली.

मी नाचले, लांबून मारत राहिले. शकूचं नाक फुटलं, भुवई सुजली, फ्रॉकचा गळा लाल झाला. कातड्यातून तिचं हाड माझ्या बोटांना कळत होतं आणि अजून मारावंसं वाटत होतं. अण्णा बेभान होऊन ओरडत होते, "डोळा! डोळा मार!" आणि शकू ते रक्त चाटून हसली, खाली वाकली, आत आली. बरगडीत एक. श्वास अडकून मी वाकले, तोच डाव्या कानावर दुसरा. आभाळ फिरलं. पाठीखाली रहाड धुम्म करून वाजली... आणि वाजतच राहिली.

"झाला निकाल!" काका नाचत होते.

"हॅट्! पाय घसरला तिचा," अण्णा म्हणाले.

रात्री मी म्हटलं, "अण्णा, कानात घणघण वाजतंय." ते हसले, कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारली. "वाजणारच! तांबटाची लेक ना तू? माझ्या कानात तर लग्नाआधीपासून वाजतंय." आमच्या घरात कान वाजणं हे दुखणं नव्हतंच, तो वारसा होता. मलाही अभिमानच वाटला. उशीवर पिवळे डाग पडू लागले, ताप चढला, तेव्हा कुठे दवाखाना दिसला. "इतके दिवस काय झोपला होतात?" डॉक्टर कडाडले. डावा कान कायमचा गेला होता.

घरी आल्यावर अण्णांनी दोन्ही चित्रं ओरबाडून भट्टीत घातली. शकू कोपऱ्यात उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "घसरलीच होती ती, दादा. ठोसा कुठं नीट लागला होता?" जिंकलेली लढत त्यांनी अशी सोडून दिली. पुढे मरेपर्यंत अण्णा तेच सांगत राहिले, पाय घसरला म्हणून... आणि मीही मान डोलवत राहिले.

यंदाच्या रंगपंचमीला शकू आली होती. तिच्या नातवाने फोनवर खेळात त्या दोघांची झुंज लावली. रक्त उडालं, जबडे फिरले, शेवटी भिंगरी जिंकला. शकू हसली नाही. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं.

"खरं सांग. त्या दिवशी तू घसरलीस, की माझा बसला होता?"

बाहेर उघड्या रहाडीत पोरं धपाधप उड्या मारत होती. शकू नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या बाजूला बसली होती. लहानपणापासून ती कधी डावीकडे बसलेली मला आठवत नाही.

"घसरले होते गं," मी म्हटलं.