तत्त्वतः

माझं आयुष्य बैलबाजारात गेलं. चौथीपर्यंत गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलो आणि पुढचं सगळं धुळ्याच्या आणि साक्रीच्या बाजारात. माझ्याशी सौदा करून हसत गेलेला माणूस मला आठवत नाही. एक सोडून.

आमची शाळा दोन कौलारू खोल्यांची होती. एका कोपऱ्यात गळायची, दाराची बिजागरी लोंबत होती, पण भिंती उभ्या होत्या. निवडणुकीच्या सभेला पुढारी आला तो त्याच शाळेच्या मैदानात. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. पुढारी म्हणाला, "शाळेला खोली देतो." मी खालूनच ओरडलो, "साहेब, खोली म्हणजे किती?"

"नाना, दोन घ्या."

"दोन तर आहेतच. चार पाहिजेत, वर संडास आणि कंपाउंड."

लोक हसले. तोही हसला. "तीन. संडास, कंपाउंड सगळं. आता तरी खाली बसता का?"

टाळ्या पडल्या आणि मी बसलो. घरी येताना छाती फुगली होती. बाजारात मी शंभरदा पाहिलंय, जो माणूस घासाघीस न करता लगेच वाढवून देतो, त्याच्या मनात काही द्यायचंच नसतं. नवख्या पोरांना हे मीच शिकवत आलो. त्या दिवशी स्वतःला सांगायचं विसरलो.

निवडणूक झाली. काही महिन्यांनी खरंच पत्र आलं. "तीन वर्गखोल्यांच्या बांधकामास तत्त्वतः मान्यता." ग्रामसभेत मी ते उभं राहून वाचलं. तीन वाचलं, वर्गखोल्या वाचलं, मान्यता तर दोनदा वाचलं. मधला शब्द तोंडात अडकला, म्हणून गाळला. अडाणी दिसायला नको.

नव्या खोल्यांना जागा मोकळी पाहिजे, आणि जुनी इमारत पाडायची तर तिचं निर्लेखन करावं लागतं. म्हणजे इमारत धोकादायक ठरवून कागदावरून कमी करायची. लोकांची वर्षं जातात त्यात. मी धुळ्याला खेटे घालून, टेबलाटेबलाशी भांडून ते काम उरकलं. हेडमास्तर तेवढे म्हणाले, "नाना, प्रशासकीय मान्यता आणि निधी येऊ द्या. मग पाडू."

मी त्यांना चारचौघांत झापलं. "गुरुजी, तुम्ही फळ्यापुरतं बघा. जागा मोकळी दिसली की निधी धावत येतो."

दुसऱ्या दिवशी जेसीबी आणला. दुपारच्या आत शाळा खाली बसली. पोरं टाळ्या वाजवत होती, मीही हसत होतो.

मग काही आलं नाही. पावसाळा गेला, थंडी गेली. मोकळ्या जागेत गाजरगवत माजलं. शाळा मारुतीच्या सभामंडपात भरायला लागली. गावात दहावं-तेरावं असलं, लग्नाचं जेवण असलं, की शाळेला सुट्टी. फळा खांबाला टेकवलेला असायचा, वाराही त्याला पाडायचा.

मी धुळ्याला बांधकाम खात्याच्या टेबलावर पत्र आपटलं. बाबूने चष्मा वर केला.

"यात तत्त्वतः लिहिलंय, नाना."

"म्हणजे काय?"

"म्हणजे खोल्या द्यायला आमची हरकत नाही."

"मग द्या ना!"

"हरकत नाही म्हटलं. देतो कुठं म्हटलं? निधी उपलब्ध झाला तर."

"मग शाळा का पाडू दिली?"

"अर्ज तुमचाच होता. सही तुमचीच. तुम्ही फार घाईत होतात."

मी त्याची गचांडी धरायला निघालो होतो, शिपायाने मधे हात घातला. पुढाऱ्याकडे गेलो. त्याने चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बघतो, पुढच्या आराखड्यात घालू." बैलाचे बघतो तसे त्याच्या तोंडात बोटं घालून दात मोजावेसे वाटले.

तोपर्यंत ज्यांना परवडलं त्यांनी मुलं साक्रीच्या इंग्रजी शाळेत घातली. पट घसरत वीसच्या खाली आला. मग विस्तार अधिकारी आले, सभामंडपात उभ्या उभ्या म्हणाले, "एवढ्या कमी पटाला खोल्या देता येत नाहीत. ही मुलं नाल्यापलीकडच्या शाळेत जोडू." खोल्या नाहीत म्हणून मुलं गेली, आणि मुलं गेली म्हणून खोल्या नाहीत. हा हिशेब मी त्यांना ओरडून सांगितला. ते मान हलवून गाडीत बसले.

आता लिहायचंच तर खरं लिहितो. पट वीसच्या खाली गेला, त्यात माझी नातही होती. तिचा दाखला मीच नेला. हेडमास्तरांनी तो मांडीवर वही ठेवून लिहिला. मी खाली मान घालून उभा राहिलो. अध्यक्ष मीच होतो तेव्हाही.

नात साक्रीच्या शाळेच्या पिवळ्या गाडीने जायला लागली. पुढे मंडपातली शाळा बंद करून उरलेली मुलं नाल्यापलीकडे जोडली, त्याच आठवड्यात नाल्याकडच्या वस्तीतली एक बाई दारात आली. तिची पोर नातीच्याच वर्गात होती, पाढे म्हणण्यात नातीच्या पुढे. नाल्याला पावसाळ्यात कमरेएवढं पाणी येतं, तिथून सात वर्षांची पोर एकटी धाडणार कोण?

"नाना, तुमनी नात गाडीमा गयी. मनी पोर कोठे जाई?"

मी म्हटलं, "अक्का, बघतो मी काहीतरी."

ती हसली. "बठ्ठाच बघतस, नाना." म्हणजे सगळेच बघतात.

आयुष्यभर समोरच्याला शेवटचा शब्द घेऊ दिला नाही मी. तो तिने घेतला. ती वळली. पोर अंगणाबाहेर थांबली होती, डोक्यावर टोपली होती. कापूस वेचणीचे दिवस होते. दोघी माझ्याच शेताकडे वेचणीला निघून गेल्या.