गस्तीच्या वाटेने

महाराज गादीवर आले तेव्हा आमच्या पेठेत संस्थानच्या पोलिसातून पेन्शनीत निघालेले पाच जण राहत होते. एक जमादार, एक हवालदार, तीन शिपाई. आता एकही नाही. पेठेतले लोक गप्पांत त्या पाचांचे सात करतात, म्हणून मी स्वतः पाहिले तेवढेच सांगतो.

नोकरीत असताना पाचांची गस्त एकच होती. गंगावेशीच्या अलीकडे डावीकडे वळून कुंभारगल्लीत शिरायचे, दुकानांचे प्रत्येक कुलूप ओढून पाहायचे आणि चौकीवरून वळसा घालून पुन्हा वेशीवर यायचे. एखादे कुलूप उघडे सापडले तर मालकाला झोपेतून उठवून आणायचे आणि सगळी गल्ली जागी होईल अशा आवाजात त्याला सुनवायचे. पेन्शनीत आल्यावर सकाळी पाचही जण आमच्या कट्ट्यावर बसत आणि नव्या शिपायांच्या चालण्याला नावे ठेवत. त्यांच्या मते नवा शिपाई रस्ता बघत चालतो, दारे बघत नाही.

पहिल्यांदा जमादार गेले. मयत पहाटे उचलायचे ठरले. उरलेल्या चौघांनी भावकीला सांगून टाकले की खांदा आम्हीच देणार, मध्ये कोणी बदली यायचे नाही. चार खांदे, चार माणसे. हिशेब बरोबर होता. विस्तवाचे मडके घेऊन जमादारांचा मुलगा पुढे, मागे ताटी, तिच्यामागे आम्ही. वेशीच्या अलीकडे मुलगा सरळ नदीकडे चालत राहिला आणि ताटी डावीकडे वळली. कोणी कोणाला काही बोलले नव्हते. चौघांचे पाय त्या कोपऱ्यावर आपोआप वळले आणि आम्हीही मुकाट्याने मागे गेलो. दुकाने अजून बंद होती. पुढच्या खांद्याला असलेल्या हवालदारांचा मोकळा हात बाजूला गेला आणि त्यांनी पहिले कुलूप ओढून पाहिले. मग दुसरे. तिकडे मुलाने वेशीवर पोचून मागे पाहिले तर बाप नाही. तो मडके सांभाळत धापा टाकत परत आला.

जमादारांचे मेहुणे मलकापूरहून आले होते. ते भडकले. वाट सोडून मयत फिरवायची ही कुठली रीत, असे पुष्कळ बोलले. हवालदारांनी पाऊल थांबवले नाही.

"पावणं," ते म्हणाले, "गस्त पुरी केल्याबिगर ह्यो बाबा कधी घरला गेलाय व्हय? मग आजच कसा जाईल?"

मेहुणे ताटीमागे चालू लागले. मुलाला रडता रडता हसू आले आणि तो पुन्हा पुढे झाला, या वेळी गस्तीच्या वाटेने.

तेव्हापासून ती चालच पडली. पुढे तिन्ही शिपाई एकामागून एक गेले आणि तिघेही कुंभारगल्लीतूनच गेले. पोलिसांचे खांदे कमी होतील तसे पेठेतले आम्ही भरती होत गेलो. शेवटी कट्ट्यावर हवालदार एकटे उरले.

ते मुसलमान. त्यांचे कबरस्तान वेशीच्या उलट्या बाजूला. एक दिवस सुपारी कातरता कातरता त्यांनी तो विषय काढला.

"आण्णा, माझी वाट तिकडली. मला हिकडं कोन आननार?"

मी म्हणालो, आम्ही आणू. त्यांनी माझ्याकडे बघितले, उठले आणि मला कुंभारगल्लीत घेऊन गेले. दुकाने नुकतीच बंद झाली होती. मी एका कुलपाला हात लावला.

"देवाच्या पाया पडताय काय? वडा की."

मी ओढले. दोन दुकाने गेल्यावर ते म्हणाले की चालेल, पण शिपायातच. हवालदारी काही मिळायची नाही. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला मात्र आपण शब्द देऊन बसल्याची काळजी लागून राहिली.

ते गेले ते भर दिवसा. मी त्यांच्या मुलाला बापाची इच्छा सांगितली. तो अडखळला. मातीला उशीर करू नये, आणि भर बाजारात माणसे काय म्हणतील, असे त्याचे म्हणणे. तेही खोटे नव्हते. वळसा किती पडेल ते मी सांगितले, कमी करून सांगितले नाही. त्याने थोडा विचार केला आणि स्वतःच जनाजा वेशीकडे वळवला.

पुढच्या खांद्याला मी होतो. मनात एकच धास्ती होती. ऐन बाजाराची वेळ, सगळी दुकाने उघडी. मी ओढणार काय?

कोपऱ्यावर वळलो आणि पाहिले, तर दोन्ही बाजूंच्या फळ्या लागलेल्या. दुकानदार आपापल्या पायरीखाली उभे, दारांना कुलपे. बातमी आमच्या आधी पोचली होती. मी हात लांब करून पहिले कुलूप ओढले. पक्के होते. दुसरेही पक्के. चौकीजवळचे एक मात्र माझ्या हातात उघडून आले. त्याच्या म्हाताऱ्या मालकाला हवालदारांनी आयुष्यात किती वेळा झोपेतून उठवले असेल, त्याची गणती नाही. तो खाली मान घालून उभा होता आणि वाट बघत होता. हवालदारांचे काम मला करणे भाग पडले.

"काय पावणं," मी शक्य तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "दुकान उघडं टाकून झोपता व्हय?"

"चुकलं, हवालदार," तो म्हणाला आणि त्याने कुलूप दाबून बसवले.