तळहातावरचा मुळा

उत्तर जपानातल्या आमच्या वाडीत चहाबरोबरचं लोणचं बशीत वाढत नाहीत. घरची बाई जेवायच्या काड्यांनी एकेक फोड उचलते आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवते. बशीतलं नको असेल तर बशी पुढे सरकवता येते, तळहातावरचं परत कुठे ठेवणार? ते तोंडातच टाकावं लागतं. ही रीत कोणी काढली माहीत नाही, पण बाई हुशार असणार. तिचं लोणचं कधी शिल्लक राहिलं नसेल.

सेत्सु-सानचं सगळं या तळहातावरूनच झालं, म्हणून हे आधी सांगितलं.

तेरुइ सेत्सु माझ्या दुकानापासून तिसऱ्या घरात एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा तात्सुओ सेंदाईला असतो. पंच्याहत्तरी उलटली तरी दारातला बर्फ स्वतःच काढायची. कोणी मदतीला गेलं तर फावडं लपवून ठेवायची. अशा बाईचे पाय सुजले तेव्हा तिने काय केलं? माझ्याच दुकानातून एक नंबर मोठे बूट नेले.

"या वयात पाय वाढतात होय?" मी विचारलं.

"जाड मोजे घालतेय. तुला विकायचे आहेत ना? मग गप वीक."

पुढे आडवं झालं की दम लागायला लागला. मग ही भिंतीला पाठ टेकून बसून झोपायची, आणि तेही कुणाला सांगितलं नाही. शेवटी एका सकाळी पेपरवाल्याने तिला दारात वाकून बसलेलं पाहिलं आणि गाडी बोलावली.

शहरातल्या हॉस्पिटलात ती बरेच दिवस होती. डॉक्टर म्हणाला, हृदय थकलंय, अंगातलं पाणी त्याला उपसवत नाही, आणि मीठ ते पाणी धरून ठेवतं. दिवसाला सहा ग्रॅम मीठ, बस्स. म्हणजे लहान चमचा, तोही सपाट. आमच्या अकिता प्रांतात एवढं मीठ माणूस न्याहारीलाच संपवतो. रोज सकाळी वजन करायचं, आठवड्यात दोन किलो वाढलं तर धावत यायचं, असंही बजावलं.

आणि तात्सुओने आपली अट घातली. पोरगा वाईट नाही, घाबरला होता. "आई, पुन्हा एकदा हॉस्पिटलात जायची वेळ आली, तर तू सेंदाईला येणार. घराला कुलूप लावायचं. वाद नको."

"आठव्या मजल्यावर मी चहा कुणाबरोबर पिऊ? लिफ्टबरोबर?"

पण कबूल झाली. दुसरा मार्गच नव्हता.

तेव्हापासून ती माझ्या दुकानात भिंग घेऊन येऊ लागली. पाकीट उचलायचं, उलटं करायचं, डोळ्याला लावायचं, ठेवायचं. माझं दुकान म्हणजे दोन फळ्या आणि एक फ्रीज, पण तिला त्यात सकाळ पुरायची नाही. उदोनच्या शेवया तिने वर्षानुवर्षं खाल्ल्या होत्या. एक दिवस ओरडलीच, "अगं, यांच्या पिठातच मीठ आहे! रस्सा टाकून दिला तरी काय उपयोग!" मग कुट्टूच्या पिठाच्या सोबा शेवया नेल्या, तेही पाकीट तीनदा वाचून. माशाच्या वड्या बाद झाल्या, पाव बाद झाला. नात्तो, म्हणजे आंबवलेले चिकट सोयाबीन, चालला, पण त्याबरोबरची सॉसची पुडी ती काउंटरवरच काढून ठेवायची. अशा पुड्यांनी माझा एक डबा भरला.

चुकाही केल्या. कमी मिठाचा सोया सॉस नेला आणि आठवड्याच्या आत दुसरी बाटली मागायला आली.

"पितेस की काय?" मी म्हटलं.

"कमी मिठाचा आहे ना? मग थोडा जास्त घालते. चव लागत नाही."

"सेत्सु-सान, अर्ध्या मिठाचा सॉस दुप्पट ओतला की किती मीठ होतं?"

तिने बोटांवर हिशेब केला. "कंपनीवाल्यांची चांगली सोय आहे," म्हणाली आणि बाटली परत ठेवली. एकदा सोडियम कमी असलेलं पांढरं मीठ मागवलं होतं, तेही डॉक्टरने बंद केलं. तुमच्या गोळ्यांबरोबर हे चालत नाही, असलं काही घ्यायच्या आधी मला विचारा म्हणाला.

पण बाई हरणारी नव्हती. कोंबूची, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाची, पट्टी रात्री पाण्यात भिजवायची, सकाळी त्याच पाण्याचं सार. मिसोचा खारट सोयाबीन-लगदा अगदी नावाला, त्यात भाज्या मात्र इतक्या की चमचा उभा राहील. टोफूवर भाजलेले तीळ आणि आलं. शेवंतीच्या पाकळ्या उकडून व्हिनेगरमध्ये. "पहिला महिना कागद खाल्ल्यासारखं वाटलं," ती म्हणाली, "आता कोबी गोड असतो हे कळलं. इतकी वर्षं आपण मिठाखाली काय काय पुरून टाकलं होतं गं." मला ते पटलं, पण मी काही माझं सार पातळ केलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एवढं करूनही वजन काही स्थिर राहीना. घरात सगळं मोजूनमापून, तरी काटा वर सरकायचा. कारण साधं होतं. सकाळी दहाचा चहा.

हिवाळ्यात शेतीची कामं नसतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, कधी एकाच सकाळी दोन घरं. आणि प्रत्येक घरात तळहात. त्यातही ओदाजिमा मात्सुएच्या घरी. ओढ्यापलीकडची मात्सुए आणि सेत्सु एकाच हिवाळ्यात सुना म्हणून वाडीत आल्या, तेव्हापासूनची मैत्री. मात्सुएचा धुराचा मुळा म्हणजे वाडीचं नाक. खोपीत मुळे टांगायचे, खाली चेरीची लाकडं धुमसत ठेवायची, मग तांदळाच्या कोंड्यात आणि मिठात पिंपभर दाबून दोन महिने विसरून जायचं. सगळ्याच बायका करतात, पण मात्सुएचा मुळा दाताखाली मोडला की शेजारच्या घरी ऐकू जातो.

मात्सुएला सेत्सुचा आजार ठाऊक होता. हॉस्पिटलात तीच सर्वांत आधी भेटायला गेली होती. पण एका फोडीने काय होतं, असं तिला वाटायचं. प्रत्येकीलाच तसं वाटायचं.

मग नाही म्हणावं ना? ते इतकं सोपं नाही. शिमिझु आजोबांचं पोटाचं ऑपरेशन झालं, त्यांना लोणचं बंद झालं, आणि त्यांनी तसं सांगितलं. लोक चांगले आमचे. "त्यांच्यासमोर खाणं बरं दिसत नाही," म्हणून हळूहळू त्यांना बोलवेनासे झाले. कोणी वाईट वागलं नाही, आणि म्हातारा वसंतापर्यंत घरातच बसून राहिला. सेत्सुने ते पाहिलं होतं.

तेव्हा तिने काय केलं, तर फोड तळहातावर घ्यायची, हात तोंडाकडे न्यायचा, आणि मात्सुए पुढच्या तळहाताकडे वळली की फोड एप्रनच्या खिशात. मग तोंड हलवत राहायचं. वजनाचा काटा खाली आला. त्या दिवसांत तिच्या एप्रनला धुराचा वास यायचा. तिच्याकडे तर रॉकेलचा स्टोव्ह. मी विचारलं तर म्हणाली, "तुझं नाक म्हातारं झालंय."

जानेवारीत एक दिवस मी तिच्याकडे टोफू द्यायला गेले होते. ती दारात बर्फ काढत होती, हळूहळू, डॉक्टरने परवानगी दिली होती तेवढाच. तेवढ्यात मात्सुए आली, हातात रताळ्यांचं भांडं. "तू ये सावकाश, मी चहा ठेवते," म्हणत माझ्याबरोबर स्वयंपाकघरात शिरली. चहाची पत्ती शोधताना मागच्या पडवीतल्या मडक्याचं झाकण तिने उचललं. मडकं काठोकाठ मुळ्याच्या फोडींनी भरलेलं.

सेत्सु आत आली तेव्हा मात्सुए मडकं कडेवर घेऊन उभी होती.

"हे काय आहे?"

सेत्सु हातमोजे काढत राहिली.

"मी तिरकं कापते. वाडीत दुसरं कोणी असं कापत नाही. एकाही फोडीला दात लागलेला नाही. कधीपासून चाललंय हे?"

"थंडी पडल्यापासून."

"मग माझ्यासमोर बसून चघळत काय होतीस?"

"जीभ."

मला हसू आलं, पण ती हसायची वेळ नव्हती.

"नावडतीचं मीठ अळणी म्हणतात," मात्सुए म्हणाली. "तुला तर माझं मीठ खारट झालं. एक फोड गं! एका फोडीने काय मरणार होतीस?"

"तुझी एक. शेजारी एक. पलीकडच्या घरी दोन. मी काय घरोघर सांगत फिरू, की आज मात्सुएची खाल्ली, आता तुमची नको?"

"मला सांगायचं होतंस. मला!"

"सांगितलं असतं तर चहाला हाक मारली असतीस? शिमिझु आजोबांना मारलीस?"

मात्सुए मडक्यात बघत राहिली.

"फेकून तरी द्यायचंस," शेवटी म्हणाली.

"तुझ्या हातचं? फेकू?"

मात्सुएने मडकं खाली ठेवलं, छत्रीही न घेता बर्फात निघून गेली. रताळी तशीच राहिली.

वाडी लहान आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं, आणि सगळे पुन्हा चांगले वागले. सेत्सुला त्रास नको म्हणून कोणीच तिला बोलवेना. मात्सुए तर ओढ्याच्या या बाजूला फिरकेना. मीही चिडले होते, दोघींवर. एकीने खिसा भरला, दुसरीने गाल फुगवले, आणि दुकानात बसून दोघींचे उसासे ऐकायचे मी.

सेत्सुची तब्येत मात्र सुधारली. वजन जागेवर, पाय हलके.

"डॉक्टर काय म्हणाला?" मी विचारलं.

"उत्तम म्हणाला. उत्तमच आहे. दिवसभर टीव्ही बोलतो, मी ऐकते." भिंग न काढताच तिने सोबाचं पाकीट टोपलीत टाकलं. मग म्हणाली, "रिकामी खोकी आहेत का गं? मोठी."

"कशाला?"

"तात्सुओकडे जाते म्हणते. हॉस्पिटलची वाट कशाला बघायची? टीव्ही तिकडेही आहेच."

ज्या चहासाठी बाईने मीठ सोडलं, जिभेला लगाम घातला, भिंगाने डोळे शिणवले, तो चहाच गेला होता. मला फार वाईट वाटलं. मी खोकी दिली, कारण मागितलेली वस्तू नाही म्हणता येत नाही, पण जास्तीत जास्त फाटकी शोधून दिली.

त्याच संध्याकाळी ओढ्यापलीकडे धूर दिसला. फेब्रुवारीत! मुळे धुरवायचे दिवस कधीच संपलेले. लोकांना वाटलं मात्सुएच्या खोपीला आग लागली, दोघेतिघे बादल्या घेऊन धावले. तर ही बया बर्फाखाली साठवलेले मुळे उकरून खोपीत टांगत होती. "माझे मुळे, माझी लाकडं, तुम्ही घरी जा," म्हणाली.

पहिलं पिंप तिने नाममात्र मीठ घालून घातलं, स्टोव्हजवळ ठेवलं. मीठ नसलं की मुळा काय टिकणार? बुळबुळीत झाला, वास सुटला. जन्मात जिचं पिंप बिघडलं नव्हतं तिने ते पहाटे गुपचूप बर्फात ओतलं. पण कावळ्यांना गुपित कळत नाही. सगळ्या वाडीने ते पाहिलं, आणि तरीही कोणी तिला चिडवलं नाही.

मग ती दुकानात आली आणि व्हिनेगरच्या होत्या तेवढ्या बाटल्या काउंटरवर मांडल्या.

"आंघोळ करणार आहेस?" मी विचारलं.

"बोलू नकोस. वाळवलेले पर्सिमन आहेत? तेही दे. आणि तू वाचतेस ना, बघ यावर मीठ किती लिहिलंय. माझं भिंग नाही."

मी वाचून दाखवलं. मग सेत्सु खोकी घेऊन गेल्याचंही सांगितलं. मात्सुए पैसे मोजता मोजता थांबली.

"कधी निघतेय?"

"मुलगा रविवारी येतोय."

"शुक्रवारी दहाला माझ्याकडे चहा. तिला सांग. हात घेऊन ये म्हणावं."

शुक्रवारी सेत्सु आली. तोच एप्रन, नुकताच धुतलेला. मात्सुए नेहमीच्या भांड्यातून सगळ्यांना तिरक्या फोडी देत फिरली, माझ्या तळहातावर एक ठेवली, आणि सेत्सुसमोर येऊन बसली. सेत्सुचे हात मांडीवर, पुढे करावेत की नाही ते तिला कळेना.

"आधी तो खिसा उलटा कर," मात्सुए म्हणाली.

सेत्सुने सगळ्यांसमोर खिसा बाहेर ओढून दाखवला. कुणीतरी फिसकन हसलं. मात्सुए उठली, आतून एक लहान वाडगा घेऊन आली आणि त्यातली फोड सेत्सुच्या तळहातावर ठेवली. रंग तोच, काप तिरका.

"मिठाचा कण नाही. धूर, व्हिनेगर आणि पर्सिमन. खा, मी बघतेय."

सेत्सुने फोड तोंडात टाकली. आम्ही सगळ्या चघळायच्या थांबलो. ती मात्र खूप वेळ चावत होती, आणि या वेळी तोंडात जीभ नव्हती, मुळा होता.

"कसा झालाय?"

"अळणी," सेत्सु म्हणाली. "आंबट. धूर नुसता नाकात जातो. इतकं वाईट तुझ्या हातून आजवर झालं नव्हतं."

मात्सुएच्या मुळ्याला त्या घरात बसून असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"माहीत आहे मला," मात्सुए म्हणाली. "पुढचं पिंप बरं होईल."

सेत्सुने गिळलं, डोळे पुसले आणि तळहात पुन्हा पुढे केला.

रविवारी तात्सुओ गाडी घेऊन आला आणि एकटाच परत गेला. खोकी सेत्सुने मला परत दिली नाहीत. ती मात्सुए घेऊन गेली. खोपीत जाळ लावायला कोरडा पुठ्ठा चांगला पेटतो.