घरून नेलेली चादर

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी मला चांगलीच लाज वाटली, आणि तरी दिवस इतका छान गेला की लगेच लिहायला बसले.

कामानिमित्त सोलापूरहून भीमेकाठच्या एका छोट्या गावी आले आहे. नदीला लागून चार खोल्यांचं साधं लॉज आहे. मी कुठेही जाताना घरची चादर नेते. कालही तीच अंथरून झोपले.

सकाळी लॉजच्या मालकीणबाई चहा घेऊन आल्या. त्यांची चादर पायथ्याशी तशीच घडी केलेली पाहून त्यांचा चेहरा उतरला. "आमची वास मारती व्हय, मॅडम? कोरी हाय. तुमी येणार म्हणून पेटीतनं काढली की."

थंडी वाजते म्हणून घरची जाड चादर घेतली म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. पण एवढ्या उकाड्यात? शेवटी खरंच सांगितलं, "चूक माझी, मावशी. बाहेरच्या चादरी मी न बघताच अस्वच्छ ठरवते."

त्या हसल्या. "मी तर लेकीकडं जाताना बी माझीच नेती! पन आता ही वापरूनच जायाचं."

जेवण झाल्यावर त्यांनीच ती नदीकडच्या कडुलिंबाखाली अंथरली. पाच मिनिटं म्हणून आडवी झाले, ती माझी परतीची तीनची एसटी गेल्यावरच उठले. मावशी शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. "लई घोरता की ओ! आता ऱ्हावा आजचा दिवस."

राहिले आहे. घरची चादर पिशवीतच आहे.

तुमच्यापैकी कोण कोण नेतं अशी चादर? खरं सांगा.