दाराबाहेरचे पांढरे बूट

ओसरीपुढच्या चपलांमध्ये पांढरे बूट दिसले आणि मी थबकले. बाळंतपणाचं काम शिकणारी माझी विद्यार्थिनी वनिता आत बाळंतिणीला पाहायला गेली होती. वस्तीत पहिल्यांदा आली तेव्हा तिनं दारातूनच चौकशी उरकली होती. "मॅडम, घरोघरी लेस कोण सोडत बसणार? मला मोठ्या हॉस्पिटलातच काम करायचंय."

आज त्या बुटांच्या टाचा पार चेपल्या होत्या, लेस न सोडताच बूट काढून-घालून घराघरांत शिरून शिरून. गणवेशावरून मी पोरींना धारेवर धरते; या टाचांना मात्र मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. मन बदललेलं आधी पायांनाच कळत असावं.

तेवढ्यात आतून वनिता म्हणाली, "मॅडम, बूट काढूनच या. बाळ दूध पितंय."

मी उंबऱ्याशी बसून लेस सोडू लागले, जिंकल्यासारखी.